ईबीच्या मुलांसाठी सिलिकॉनची जाळी: मेपिटेलचं सविस्तर परीक्षण

जखमेवरची पट्टी काढताना जखम पुन्हा सोलली जाऊ नये. ईबी, म्हणजे एपिडर्मोलिसिस बुलोसा असलेल्या मुलासाठी पट्टीकडून ही पहिली अपेक्षा असते, आणि बहुतेक पट्ट्या नेमक्या तिथेच नापास होतात. मोल्नलिके या स्वीडिश कंपनीची मेपिटेल ही सिलिकॉनची जाळी या कसोटीला उतरते, पण नीट वापरली तरच. ती कोरडी पडल्यावर ओढून काढली, तिच्यावर चुकीचा थर ठेवला किंवा भोकं बुजलेली असताना तशीच राहू दिली, तर साध्या गॉजने होतं तसंच नुकसान तिनेही होतं. म्हणून इथे तिचे गुण थोडक्यात आणि वापर तपशिलात लिहिला आहे.

आधी आजाराबद्दल, कारण पट्टीची निवड त्यावरच ठरते. त्वचेचा वरचा थर आणि खालचा थर यांना एकमेकांशी बांधून ठेवणारी काही प्रथिनं असतात. ईबीमध्ये यातल्या एखाद्या प्रथिनाचा जनुक बिघडलेला असतो, त्यामुळे ही बांधणी कच्ची राहते. कपड्याची शिवण घासली, कुणी काखेत हात घालून उचललं, लंगोटाचा इलॅस्टिक दाबला गेला, की तेवढ्यानेही फोड येतो किंवा कातडी सुटते. मुख्य प्रकार चार: सिम्प्लेक्स, जंक्शनल, डिस्ट्रॉफिक आणि किंडलर. सिम्प्लेक्समध्ये फोड वरच्या थरातच येतो आणि दोष बहुतेकदा केराटिन ५ किंवा केराटिन १४ या प्रथिनात असतो. डिस्ट्रॉफिकमध्ये कोलॅजन ७ हे प्रथिन कमी असतं, सदोष असतं किंवा नसतंच. फोड खोलवर येतो आणि भरून आला की व्रण मागे राहतो. जंक्शनल या दोन्हींच्या मधल्या पातळीवरचा, आणि त्याचा तीव्र प्रकार बाळाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच जिवावर बेततो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय ईबी नोंदवहीनुसार दर १० लाख जन्मांमागे साधारण २० बाळांना ईबी असतो.

ईबी संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, हात धरल्याने, एका वर्गात शिकल्याने तो कुणालाही होत नाही. आईने गरोदरपणात काही खाल्लं किंवा केलं म्हणूनही होत नाही. काही प्रकारांत आईवडील दोघंही धडधाकट असतात, पण दोघांकडेही त्याच जनुकाची एकेक सदोष प्रत असते. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. सिम्प्लेक्सचे बहुतेक प्रकार आणि डिस्ट्रॉफिकचे काही प्रकार एकाच सदोष प्रतीनेही होतात. तिथे आजारी पालकाकडून मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. कधी घराण्यात कुणालाच नसताना जनुकात नव्याने बदल होतो. नेमका प्रकार डोळ्यांनी ठरत नाही, विशेषतः नवजात बाळात. जनुकीय तपासणी आणि नुकत्याच आलेल्या फोडाच्या कडेच्या त्वचेचा तुकडा घेऊन केलेली इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणी (कोणतं प्रथिन कमी आहे ते चकाकणाऱ्या रंगाने दाखवणारी), या दोन्हींवरून निदान होतं. पट्टी घेण्याआधी हे निदान झालेलं असलं तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो. कारण खाली येईलच.

जाळी काम कसं करते

साध्या गॉजमध्ये जखमेतला स्राव धाग्यांच्या विणीत शिरतो, तिथेच वाळतो आणि जखमेशी एकजीव होतो. गॉज ओढलं की नुकतीच आलेली कोवळी त्वचा त्याच्याबरोबर येते. नेहमीच्या चिकटपट्टीचा दोष वेगळा आहे. तिच्यातला ॲक्रिलिक गोंद लावल्यानंतर हळूहळू त्वचेच्या खाचाखोचांत उतरतो आणि जितका वेळ जाईल तितका घट्ट होतो. ईबीच्या त्वचेत वरच्या थराची खालच्या थराशी असलेली पकड या गोंदाच्या पकडीपेक्षा कमजोर असते. त्यामुळे पट्टी काढताना गोंद सुटत नाही, कातडीच सुटते. एखाद्या रुग्णालयात ईबीचं मूल पहिल्यांदाच आलं, तर सगळ्यात मोठी इजा बहुधा याच चिकटपट्टीने होते.

मऊ सिलिकॉन लावल्याक्षणी त्वचेच्या उंचसखल भागावर पसरतं आणि त्याची पकड वेळेनुसार वाढत नाही. ओल्या जखमेला ते चिकटत नाही, आजूबाजूच्या कोरड्या त्वचेला हलकेच धरून राहतं. काढताना ताण एका रेषेत न येता पसरतो. मेपिटेलमध्ये पॉलिअमाइडच्या, म्हणजे नायलॉनच्या जातीच्या धाग्याच्या, जाळीवर हे सिलिकॉन चढवलेलं असतं. जाळीला भोकं असतात, त्यातून स्राव वर जातो आणि वरचा थर तो शोषतो. जाळी स्वतः काहीच शोषत नाही, औषधही देत नाही. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण फक्त जाळी लावून वर कोरडं कापड गुंडाळणं ही फार सर्रास होणारी चूक आहे.

मेपिटेल आणि मेपिटेल वन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मूळ मेपिटेल दोन्ही बाजूंनी चिकट असते. मेपिटेल वन पातळ फिल्मची असते आणि एकाच बाजूला चिकट. दोन्ही पारदर्शक असल्यामुळे खालची जखम दिसते. वनमधून जास्त स्पष्ट. घरच्या वापरासाठी वन हाताळायला सोपी पडते, हे आमचं स्पष्ट मत. दोन्हीकडून चिकट जाळी हातमोज्याला, कात्रीला आणि स्वतःलाच चिकटते, आणि रडणाऱ्या बाळाला धरून ती उलगडत बसणं म्हणजे परीक्षा असते. दोन बाजूंच्या चिकटपणाचा फायदा एवढाच की वरचा शोषक थर जागचा हलत नाही. वन घेतली तर चिकट बाजू कोणती ते लावण्याआधी ओल्या हातमोज्याने तपासून घ्या. उलटी लागलेली जाळी तासाभरात सरकते, तिची गुंडाळी होते आणि तिची कडच कातडीवर घासू लागते.

लावताना

सगळी तयारी मुलाची जुनी पट्टी काढण्याआधी झालेली असावी. उघड्या जखमेला हवा लागली की ती झोंबते, आणि मूल थंडीने आणि भीतीने आखडतं. जाळीचे आणि वरच्या फोमचे तुकडे आधीच कापून, कोणता तुकडा कोणत्या जागेचा त्या क्रमाने मांडून ठेवावेत. कोपर, टाच, तळहात यांसारख्या अवघड जागांचे आकार एकदा कागदावर कापून जपून ठेवले, की दर वेळी मोजमाप करावं लागत नाही. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलं असेल तर साधारण अर्धा ते एक तास आधी द्यावं. पट्टी सोडताना दिलं तर त्याचा परिणाम सगळं आटोपल्यावर सुरू होतो.

सगळ्या अंगाच्या पट्ट्या एकदम सोडू नयेत. एक हात किंवा एक पाय उघडायचा, त्याचं काम पुरं करायचं, झाकायचा, मग पुढचा. याला दोन कारणं आहेत. उघडे पाय एकमेकांवर घासून मूल नव्या जखमा करून घेतं. दुसरं, डिस्ट्रॉफिक ईबीत खाज भयंकर असते, आणि उघड्या जागेवर नखं पोचायला क्षणही लागत नाही.

फोड आधी फोडायचे. ऐकायला हे विचित्र वाटतं, कारण इतर वेळी फोड फोडू नये असंच सांगतात. ईबीत मात्र फोड आपोआप थांबत नाही. आतल्या पाण्याच्या दाबाने तो कडेकडेने पसरत जातो आणि सकाळी वाटाण्याएवढा असलेला फोड संध्याकाळी तळहात व्यापतो. निर्जंतुक सुई त्वचेला समांतर धरून फोडाच्या सगळ्यात खालच्या बाजूला आत घालायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची, म्हणजे दोन भोकं पडतात आणि पाणी पुन्हा साचत नाही. मऊ गॉजने हलकेच दाबून पाणी काढायचं. वरची साल मात्र काढायची नाही. खालच्या जखमेचं झाकण तीच असते. प्रत्येक वेळी नवी सुई, आणि वापरलेली सुई टोचणार नाही अशा जाड डब्यात.

धुण्यासाठी साधं पाणी झोंबतं, कारण उघड्या जखमेपेक्षा त्यात क्षार कमी असतात. पाण्यात ०.९ टक्के मीठ घातलं की झोंबणं बरंच कमी होतं. हिशोब सोपा आहे: १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, १० लिटरच्या टबाला ९० ग्रॅम. चमच्याच्या अंदाजाने नको, काट्यावर मोजा. ब्लीच किंवा व्हिनेगरचं अत्यंत सौम्य पाणी जंतू कमी करण्यासाठी वापरतात, पण त्याचं प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय वापरू नये. ब्लीचची तीव्रता बाटलीगणिक बदलते. टबात बसणं ज्याला सोसत नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नये. धुतल्यावर पुसायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं.

आता जाळी. हातमोजे निर्जंतुक सलाईनने ओले करून घ्या, म्हणजे ती बोटांना चिकटत नाही. कात्रीची पातीही ओली करा. जखमेच्या कडेपासून सगळ्या बाजूंनी निदान २ सेंटिमीटर बाहेर जाईल एवढा तुकडा हवा, जखम मोठी असेल तर आणखी जास्त. कडेची त्वचा कोरडी असली तरच सिलिकॉन धरतं. मलम चोपडलेल्या त्वचेवर ते सरकतं. त्यामुळे मलम लावायचं असेल तर ते जखमेपुरतंच ठेवा. एक तुकडा पुरला नाही तर दुसरा थोडासा चढवून लावायचा, पण एकाची भोकं दुसऱ्याने बुजणार नाहीत हे बघून. जाळी ताणून लावू नये. ताणलेली जाळी परत आकसताना कडेच्या त्वचेला ओढते आणि दुसऱ्या दिवशी बरोबर जाळीच्या कडेवर फोडांची रांग दिसते. तो दोष जाळीचा समजून ती बदलली जाते, खरं कारण मात्र लावण्यात असतं.

तिच्यावर शोषक फोम. याच कंपनीचा मेपिलेक्स ट्रान्सफर हा पातळ फोम स्राव स्वतःत फार न साठवता पुढच्या थराकडे देतो, त्यामुळे त्याच्यावरही आणखी एक शोषक थर लागतो. जाड मेपिलेक्स स्वतःच शोषतो आणि हाडाच्या उंचवट्यांवर, म्हणजे गुडघा, घोटा, कोपर इथे, उशीचंही काम करतो. फोमलाच सिलिकॉनचा थर असल्यामुळे कमी स्रावाच्या जखमेवर तो जाळीशिवायही चालतो. उगाच दोन्ही लावून खर्च वाढवू नये. जखमेतून रक्त येत असेल किंवा स्राव दाट असेल, तर जाळीवरचा शोषक थर ओलसर करून लावायचा असतो. कोरडा लावला तर दाट स्राव भोकांतच गोठतो.

सगळ्यात बाहेर नळीसारखं लवचिक बँडेज, उदाहरणार्थ ट्युबिफास्ट. चिकटपट्टी फक्त बँडेजवर बँडेज धरण्यासाठी, त्वचेवर कधीच नाही. नळी अंगावरून ओढत चढवू नये. दोन्ही हात आत घालून ती रुंद ताणायची, अवयवावरून हवेतल्या हवेत न्यायची आणि जागेवर अलगद सोडायची. बँडेजखाली एक बोट सहज गेलं पाहिजे.

बोटांसाठी वेगळा वेळ काढावाच लागतो. डिस्ट्रॉफिकच्या तीव्र प्रकारात बोटांमधल्या जखमा भरताना शेजारची दोन बोटं एकमेकांना जुळतात आणि पुढे सगळा पंजा मिटल्या मुठीसारखा होतो. म्हणून प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं आणि दोन बोटांच्या बेचक्यातून जाळीची अरुंद पट्टी पुढून मागे अशी घ्यायची, की बेचकं तळापर्यंत उघडं राहील. सगळी बोटं एकत्र गुंडाळलेला हात दिसायला नीटनेटका दिसतो, पण तो बोटं जुळायलाच मदत करतो. शस्त्रक्रियेने बोटं मोकळी करता येतात, पण ती पुन्हा जुळण्याकडेच कल असतो. म्हणून रोजचं हे कंटाळवाणं काम सोडता येत नाही.

किती दिवस ठेवायची, आणि काढायची कशी

मेपिटेल वन जखमेच्या स्थितीनुसार १४ दिवसांपर्यंत ठेवता येते असं कंपनी सांगते. तो आकडा सगळ्या प्रकारच्या जखमांसाठी आहे. ईबीत जुनी जखम भरत असताना शेजारीच नवे फोड येत असतात आणि झाकल्या जागेत ते दिसत नाहीत. त्यामुळे साधारण ३-४ दिवसांनी जाळी बदलणं बरं. स्राव जास्त असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर रोज किंवा दिवसाआड. मधल्या दिवसांत जाळी तशीच ठेवून फक्त वरचा फोम बदलता येतो, आणि या जाळीचा खरा फायदा हाच आहे: जखमेला हात न लावता ओला झालेला थर बदलता येतो.

बदलण्याची वेळ दिवसांवरून नव्हे, भोकांवरून ठरवा. भोकांत पिवळट थर साचलेला दिसला की स्राव वर जाणं थांबलेलं असतं. तो खाली साचतो, कडेची त्वचा पांढरी, सुरकुतलेली होते, वास येतो आणि जंतूंना हवं ते मिळतं. ही जाळी निकामी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

काढताना घाई केली तर वर सांगितलेलं सगळं फुकट जातं. आधी फोम काढा. तोच चिकटला असेल तर कोमट सलाईन ओतून थांबा. जाळीची कड सुटत नसेल तर सिलिकॉनवर आधारित, अल्कोहोल नसलेला चिकट काढणारा फवारा कडेखाली मारा. काही क्षणांत कड सुटते. मग जाळी वर, आकाशाकडे ओढू नका. त्वचेला समांतर, मागे दुमडत, दुसऱ्या हाताने खालची त्वचा अलगद धरून सोडवत जा. एखादी जागा अडली तर तिथेच थांबून पुन्हा भिजवा. अगदीच सुटत नसेल तर भोवतीची जाळी कापून तेवढा तुकडा पुढच्या वेळेपर्यंत राहू द्यावा. त्याच्यावरून नवी पट्टी लावता येते.

फवारा नसेल तर पॅराफिनचं, म्हणजे व्हॅसलीनसारखं, मलम चालतं. मात्र पॅराफिन मुरलेली बँडेज आणि कपडे पटकन पेट घेतात आणि नुसतं धुतल्याने ते पूर्ण निघत नाही. अशा मुलाला दिवा, शेगडी, सिगारेट यांपासून लांब ठेवा.

थोडी मोठी मुलं स्वतः पट्टी सोडवू शकत असतील तर त्यांना सोडवू द्या. वेळ दुप्पट लागतो, पण कुठे दुखतंय हे त्यांच्याच बोटांना आधी कळतं, आणि कधी थांबायचं हे त्यांच्या हातात राहिलं की पुढच्या वेळची भीती कमी होते. आम्ही या वेळेला खर्च मानत नाही.

कुठे ती कमी पडते

निदानाचा प्रकार माहीत हवा असं वर म्हटलं ते यासाठी. तीव्र सिम्प्लेक्समध्ये उष्णता आणि घाम यांनी फोड वाढतात, आणि कोणतीही पट्टी उष्णता धरून ठेवतेच. तिथे पट्टीच्या कडेला नवे फोड येत राहतात, मग आणखी मोठी पट्टी लागते, आणि हे चक्र थांबत नाही. अशा मुलांना कित्येकदा कमीत कमी पट्टी, फोड फोडून त्यावर कॉर्नफ्लॉवरची भुकटी आणि थंड, हवेशीर कपडे जास्त मानवतात. तीव्र जंक्शनलमध्ये सिलिकॉनची हलकी पकडही कधी कधी जड जाते. तिथे अजिबात न चिकटणारी उर्गोटुलसारखी, लिपिडोकोलॉइड (स्निग्ध, जेलसारखा थर) चढवलेली जाळी किंवा पॉलिमेमसारखा फोम बघावा. उर्गोटुल ओलसर असेपर्यंतच सुटी राहते, त्यामुळे ती वेळेवर बदलावी लागते. पॉलिमेम सुरुवातीच्या दिवसांत स्राव एकदम वाढवतो. ते त्याच्या कामाचाच भाग आहे, पण माहीत नसलं तर जखम बिघडली असं वाटून लोक तो सोडून देतात. वाढलेल्या स्रावासाठी पहिल्या काही दिवसांत पट्टी जास्त वेळा बदलण्याची तयारी ठेवा.

लंगोटाच्या भागात जाळी टिकत नाही. तिथे जाड मलम, लंगोटात मऊ अस्तर आणि इलॅस्टिक कापून टाकलेला लंगोट, असा मार्ग बरा. पुसायला पाण्याऐवजी पॅराफिनचं मऊ मलम कापसावर घ्यावं. ओठांच्या कडेला, तोंडाच्या आत आणि डोळ्यांपाशी या जाळीचा उपयोग नाही. घट्ट बँडेजखाली दाब राहिला तर जाळीची नक्षी कोवळ्या त्वचेवर उमटते. एकदा काढलेली जाळी धुऊन पुन्हा वापरायची नाही. ती महाग आहे, म्हणून तसा मोह होतो, पण धुतल्यावर पकड जाते आणि जंतू राहतात.

जाळीत जंतुनाशक नाही. हिरवट स्राव, गोडसर कुबट वास, अचानक वाढलेलं दुखणं, भोवती पसरत जाणारी लाली किंवा ताप दिसला तर पट्टी बदलून भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. चांदी असलेल्या पट्ट्या थोड्या काळापुरत्या उपयोगी पडतात, पण मोठ्या भागावर आणि फार दिवस नकोत. उघड्या जखमांतून, विशेषतः तान्ह्या बाळात, चांदी रक्तात शोषली जाते. आणि डिस्ट्रॉफिकच्या तीव्र प्रकारात किशोरवयापासून पुढे एक धोका सतत लक्षात ठेवायचा: त्वचेचा कर्करोग. नेहमीच्या जखमांपेक्षा वेगळी दिसणारी, कडा उंचावलेली, वेगळ्या तऱ्हेने दुखणारी किंवा ४ आठवड्यांत भरण्याची चिन्हंच न दाखवणारी जखम दिसली तर तुकडा काढून तपासायलाच हवा. पट्टी कितीही चांगली असली तरी अशी जखम तिच्याखाली महिनोन्‌महिने झाकून ठेवणं हा सगळ्यात महागात पडणारा उशीर ठरतो.

नकला, आणि नवी औषधं

मेपिटेल मिळत नसेल तर इतर कंपन्यांच्या सिलिकॉन जाळ्याही आहेत आणि त्यातल्या काही चांगल्या आहेत. वेष्टनावर ‘न चिकटणारी’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती घेऊ नका. भोकं पाडलेली प्लॅस्टिकची फिल्म लावलेले साधे पॅड असंच म्हणवून घेतात, आणि स्राव वाळला की ते गॉजसारखेच बसतात. ‘सॉफ्ट सिलिकॉन’ असा स्पष्ट उल्लेख हवा. नवी जाळी पहिल्यांदा वापरताना छोटा तुकडा एकाच जागी, एक दिवसासाठी लावून काढून बघा. लगेच सगळ्या अंगावर नको. कडेला चिकटपट्टी असलेला फोम, मग ती कड सिलिकॉनची का असेना, नाजूक त्वचेवर फवाऱ्याशिवाय कधीच काढू नये.

डिस्ट्रॉफिक ईबीसाठी आता जखमेवर लावायचं जनुकीय औषधही आलं आहे. व्हायजुवेक या जेलला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यात निष्प्रभ केलेल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूमार्फत कोलॅजन ७ चा जनुक जखमेतल्या पेशींत पोचवतात. आठवड्यातून एकदा, साधारण १ सेंटिमीटर अंतराने थेंब टाकून ते लावतात. बर्चच्या सालीपासून केलेल्या फिल्सुवेझ जेलला युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ते जखमेवर १ मिलिमीटर जाडीचं लावायचं असतं. पट्टीच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की व्हायजुवेकवर लगेच शोषक फोम ठेवला तर औषध जखमेऐवजी फोममध्ये जातं. त्यावर पाणी न शोषणारी पट्टी आधी हवी, नेहमीचे थर तिच्यावर. त्या वापरलेल्या पट्ट्या विषाणूनाशक द्रावणाने निर्जंतुक करूनच टाकायच्या.

रुग्णालयात जाताना

ईबीबद्दल जागृतीसाठी दरवर्षी २५ ते ३१ ऑक्टोबर हा आठवडा पाळला जातो. ब्रिटनमध्ये १९७८ साली सुरू झालेली डेब्रा ही संघटना आणि तिच्या नावाने इतर देशांत उभ्या राहिलेल्या संघटना कुटुंबांना माहिती देतात. पण सगळ्यात उपयोगी जागृती ही त्या प्रसूतिगृहात, त्या तातडीच्या खोलीत व्हायला हवी, जिथे मूल पहिल्यांदा पोचतं. पट्ट्यांच्या पिशवीत एक छापील कागद ठेवा आणि दारातच हातात द्या. त्यावर एवढं असावं: या मुलाच्या त्वचेवर कोणतीही चिकटपट्टी लावू नका, चुकून लागली असेल तर ओढू नका, फवारा मारून सोडवा. काखेत हात घालून उचलू नका. मऊ गादीच्या तुकड्यावर ठेवून, किंवा बाळ असेल तर कुशीवर वळवून मानेखाली आणि कुल्ल्यांखाली हात देऊन उचला. नवजात बाळाच्या नाळेला प्लॅस्टिकचा चिमटा नको, दोऱ्याची गाठ. मनगटाला नावाचा पट्टा नको. अपुऱ्या दिवसांचं नसेल तर काचपेटी नको, तिथल्या उष्णतेने फोड वाढतात. रक्तदाबाच्या पट्ट्याखाली जाड मऊ थर हवा. रक्त काढताना घट्ट रबरी पट्टा नको, हातानेच न घासता, सरळ दाब द्या; जंतुनाशक चोळू नका, टिपा. सलाईनची सुई सिलिकॉनच्या टेपने, उदाहरणार्थ मेपिटॅकने धरा आणि वरून बँडेज गुंडाळा. ऑक्सिजन मोजायला चिकट पट्टी नको, चिमट्याचा सेन्सर लावा. इसीजीच्या चकत्यांच्या कडेचा गोंद कापून फक्त मधलं जेल ठेवा. पिशवीत कागदाबरोबर मेपिटेल वनची दोन पाकिटं, फोम, सिलिकॉनचा टेप, फवारा आणि नळी बँडेज असू द्या, कारण रात्री-अपरात्री हे सगळं प्रत्येक रुग्णालयात हाताशी असेलच असं नाही.